बालवाडीत जे दिसलं, ते कुणाला सांगायचं?

एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश असा:

मुलगी साडेतीन वर्षांची. चार महिन्यांपासून एका बालवाडीत जाते. तिथे आळीपाळीने एकेका पालकाने सकाळभर मुलांमध्ये येऊन बसायचं, अशी पद्धत आहे. या आईने रजा काढून आपली पाळी पूर्ण केली आणि अस्वस्थ होऊन घरी आली. तिची मुलगी जवळजवळ तासभर कुणाशी न बोलता पाण्याच्या टबाशी बसून या भांड्यातून त्या भांड्यात पाणी ओतत होती. दोन मुलं एका बादलीवरून आरडाओरडा करत भांडत होती आणि ताई शेजारी बसून नुसत्या बघत होत्या. एका मुलाची चड्डी ओली झाली होती, ती बराच वेळ कुणी बदलली नाही. अक्षरं, अंक असं काही शिकवलेलं दिसलं नाही. त्या संध्याकाळी आईने हे सगळं, त्या मुलाच्या नावासकट, पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिलं. दोन दिवस गटात वादावादी चालली. काहींनी "आम्हालाही असंच वाटत होतं" म्हणून दुजोरा दिला, काहींनी तिलाच सुनावलं. आता ताई दारात जेवढ्यास तेवढं बोलतात. नवऱ्याचं म्हणणं, मुलीला दुसरीकडे घालू. तिथे कॅमेरे आहेत, रोज वहीत काम करून घेतात आणि पालकांना आत बोलावण्याची भानगड नाही. आईचा प्रश्न: "मी खरं तेच लिहिलं होतं. मग माझं चुकलं कुठे? आणि मुलीला तिथे ठेवू की काढू?"

नमस्कार,

पत्र वाचताना पहिली गोष्ट मनात आली ती ही, की तुम्ही गेलात. रजा खर्ची घालून सकाळभर लहान मुलांमध्ये बसलात, डोळे उघडे ठेवलेत आणि जे खटकलं ते गिळून टाकलं नाहीत. मुलीच्या बाबतीत असं जागं असायलाच हवं. पुढे मी तुमच्या काही निष्कर्षांवर प्रश्न उभे करणार आहे, पण त्या जागेपणावर नाही.

"मी खरं तेच लिहिलं" असं तुम्ही म्हणता. तुम्ही खोटं काही लिहिलं नाही, हे मला मान्य आहे. पण तुम्ही लिहिलेल्या चार गोष्टींत डोळ्यांना दिसलेलं आणि मनाने लावलेला अर्थ एकमेकांत मिसळले आहेत. आधी ते वेगळं करू या, कारण ठेवू की काढू याचं उत्तर त्यावरच अवलंबून आहे.

मुलीपासून सुरुवात करते, कारण तुमचा जीव सगळ्यात जास्त तिथे अडकला आहे. तुम्हाला दिसलं ते एवढंच: ती तासभर पाणी ओतत होती आणि कुणाशी बोलत नव्हती. तिला कुणी मित्र नाही, तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही, ही भर तुमच्या मनाने घातली. आता त्या टबाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहा. रुंद भांड्यातलं पाणी उंच, चिंचोळ्या भांड्यात ओतलं की ते वर चढतं. मोठ्यांना त्यात विशेष वाटत नाही. पण जाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की साधारण सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलांना उंच भांड्यातलं पाणी खरोखरच "जास्त" वाटतं. पाणी तेवढंच आहे, हे सांगून पटत नाही. ते हातांनी ओतून, सांडून, परत भरून हळूहळू उमगत जातं. साडेतीन वर्षांची मुलगी तासभर एका कामात बुडून गेली होती. पुढे शाळेत हीच एकाग्रता यावी म्हणून आपण किती आटापिटा करतो!

एकटीने खेळण्याबद्दल एक जुना अभ्यास तुम्हाला उपयोगी पडेल. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन संशोधिकेने मिनेसोटा विद्यापीठाच्या बालवर्गातली मुलं मोकळं खेळत असताना त्यांचं निरीक्षण केलं आणि १९३२ साली ते प्रसिद्ध केलं. एकट्याने खेळणं, दुसऱ्यांचा खेळ नुसता बघणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, मिसळून खेळणं, ठरवून एकत्र खेळणं असे मुलांच्या वागण्याचे प्रकार तिने मांडले. मला त्या प्रकारांपेक्षा तिची रीत महत्त्वाची वाटते. प्रत्येक मुलाकडे एका वेळी एकच मिनिट पाहायचं, पण अनेक वेगवेगळ्या दिवशी. पुढच्या संशोधकांनी हेही दाखवलं, की एकट्याने खेळणं ही काही खालची पायरी नव्हे. चांगली मिसळणारी मुलंही रचायला, चितारायला, ओतायला कितीदा तरी एकटीच बसतात. म्हणजे एका सकाळीवरून तुमच्या मुलीबद्दल काहीच ठरवता येत नाही. ना चांगलं, ना वाईट.

त्यातून ती सकाळ नेहमीसारखी नव्हतीच. तुम्ही खोलीत होतात. आई समोर असली की मुलं वेगळी वागतात. काही पदर सोडत नाहीत, काही आईला दाखवायला धिंगाणा घालतात, आणि काही अगदी निवांत होऊन आपल्या कामाला लागतात. आई इथेच आहे, मग आणखी कुणाकडे जायची गरज काय? तेव्हा ताईंना एक साधा प्रश्न विचारा: "मी नसते तेव्हा ती कुणाच्या आसपास असते?" चार महिने रोज तिला पाहणाऱ्या बाईंकडे याचं उत्तर असायला हवं. ते नेमकं आणि पटकन आलं, तर तुमच्या मुलीकडे लक्ष आहे. "असते की सगळ्यांत" असं गुळमुळीत आलं, तर तीही तुम्हाला एक माहिती मिळाली. कित्येक आठवडे ती इतर मुलांकडे बघतही नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, डोळ्याला डोळा देत नसेल, आधी बोलायची ते शब्द बोलेनाशी झाली असेल, तर मात्र बालवाडीचा विचार बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञांना भेटा. तुमच्या पत्रात तसं काही नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरी असू शकतं.

आता बादली. हा परिच्छेद मी दोनदा वाचला, कारण तुमच्या पत्रात भांडणाचा शेवट नाही. बादली कुणाला मिळाली? कुणी कुणाला मारलं का? रडणाऱ्याजवळ ताई गेल्या का? ताई "नुसत्या बघत होत्या" असं तुम्ही लिहिता, पण त्याच वाक्यात त्या "शेजारी बसून" होत्या हेही लिहिता. लहान मुलांबरोबर काम करणारी माणसं भांडणाशी कशी बसतात, ते सांगते. जवळ जायचं, मुलांच्या उंचीला खाली बसायचं, हात उगारला किंवा चावायला गेलं तर लगेच अडवायचं, आणि एरवी थांबायचं. मग दोघांचं ऐकायचं, "तुलाही हवी आहे, यालाही हवी आहे" एवढंच मोठ्याने म्हणायचं आणि "मग आता काय करू या?" हा प्रश्न मुलांच्याच हाती सोपवायचा. मोठ्या माणसाने बादली काढून घेऊन पाळी लावून दिली की भांडण पटकन मिटतं, पण मुलं एवढंच शिकतात की जो जास्त ओरडतो त्याच्याकडे मोठी माणसं धावतात. थांबणं हे फार दमवणारं काम आहे, आणि लांबून ते काम वाटतच नाही.

त्या ताई असंच थांबल्या होत्या की खरोखर कंटाळून बसल्या होत्या, हे मला इथून सांगता येणार नाही. तुम्हालाही खोलीच्या दुसऱ्या टोकावरून कळलं नसेल. त्यांना विचारल्याशिवाय ते कळायला मार्ग नाही. आणि विचारणं तेवढं राहून गेलं.

अक्षरं-अंकांबद्दल फार लांबण लावत नाही. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या दिवसात गाणी, गोष्टी, वस्तू जोडणं-मोजणं-लावणं, हातांची कामं आणि भरपूर गप्पा असाव्यात. अक्षरओळख त्यातूनच उगवते. तुम्ही होतात त्या सकाळी एकही गोष्ट सांगितली गेली नसेल, एकही गाणं झालं नसेल, तर जरूर विचारा. वहीत लिहून घेतलं नाही ही उणीव नाही. बोटांचे स्नायू अजून तयार होत असताना पेन्सिल गिरवायला लावण्यापेक्षा पाणी ओतणं, माती मळणं त्या हातांना जास्त फायद्याचं आहे.

चौथी गोष्ट मात्र खरी आहे. मूल ओल्या चड्डीत बराच वेळ राहिलं, हे बरोबर नाही. कारणं अनेक असतील. मदतनीस दुसऱ्या मुलाला घेऊन गेलेली असेल, अनोळखी माणूस खोलीत असल्यामुळे तो मुलगा बदलून घ्यायला तयार नसेल, किंवा कुणाच्या लक्षातच आलं नसेल. यातलं कोणतंही कारण असलं तरी "असं झालं की तुम्ही काय करता, आणि त्या दिवशी काय झालं होतं?" हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. एका मोठ्या माणसामागे किती मुलं आहेत, हेही त्याच वेळी विचारा. ताई कितीही चांगल्या असल्या तरी मुलं खूप आणि हात दोनच असतील, तर कुणीतरी ओलं राहणारच. ढोबळ अंदाज यावा म्हणून सांगते: इंग्लंडच्या नियमांत तीन वर्षांपुढच्या ८ मुलांमागे एक मोठं माणूस धरलं आहे, शिक्षकाची रीतसर पात्रता असलेली व्यक्ती स्वतः मुलांमध्ये असेल तर १३ मुलांमागे एक.

पण इथेच मला तुम्हाला एक विचारायचं आहे. ती ओली चड्डी तुम्हालाही दिसली होती. तेव्हाच उठून हळूच "ताई, याला बदलायला हवंय" असं का म्हणाला नाहीत? हे दोष द्यायला विचारत नाही. मला वाटतं, आपण इथे बघायला आलो आहोत, मध्ये बोलायचं नाही, असं तुम्हाला वाटलं असावं. बहुतेक पालकांना तसंच वाटतं, आणि या गोंधळाचं मूळ मला तिथे दिसतं. बालवाडी पालकांना सकाळभर बोलावते ती काही तपासनीस म्हणून नाही. त्या सकाळपुरतं तुम्ही तिथल्या मोठ्या माणसांपैकी एक असता. खोलीत पाच मोठी माणसं असतील, तर त्यातली एक तुम्ही. घसरगुंडीवरून पडलेल्याला उचलणं, सांडलेलं पुसायला फडकं आणून देणं, ओलं झालेलं मूल ताईंच्या लक्षात आणून देणं, यातलं काहीही करायला परवानगीची वाट बघायची नसते. कपडे बदलणं, शीला नेणं हे मात्र तिथल्या माणसांनीच करायचं. पालकाने करायचं ते लक्षात आणून देणं.

आता तुमचं चुकलं कुठे, या प्रश्नाकडे येते. तुम्ही ताईंबद्दल लिहिलंत म्हणून त्या दुखावल्या, एवढाच विचार तुम्ही करताय असं पत्रावरून दिसतं. मला ज्या व्यक्तीची जास्त काळजी वाटते तिचा उल्लेख तुमच्या पत्रात फक्त ओझरता आहे. त्या मुलाची आई. तीही त्या गटावर असणार. आपल्या मुलाने चड्डी ओली केली आणि कुणी बघितलं नाही, हे तिला त्या संध्याकाळी इतर सगळ्या पालकांबरोबर कळलं. तिला काय वाटलं असेल? आपलं मूल ओलं राहिलं याचं दुःख एकीकडे, आणि सगळ्यांना ते नावासकट कळलं याची लाज दुसरीकडे. साडेतीन-चार वर्षांच्या मुलाचे असे अपघात ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण ते चारचौघांत मांडायचं की नाही, हे त्या मुलाच्या घराने ठरवायचं असतं.

म्हणून सगळ्यात आधी तिला भेटा. ताईंच्याही आधी. लांबलचक स्पष्टीकरण नको. "तुमच्या मुलाचं नाव मी गटावर लिहायला नको होतं. आधी तुम्हाला येऊन सांगायला हवं होतं. मला वाईट वाटतंय." एवढं पुरे. ती चिडली तर चिडू द्या, ऐकून घ्या. "पण माझा हेतू चांगला होता" हे वाक्य शक्यतो टाळा. ते आलं की पुढची व्यक्ती स्वतःचं दुःख बाजूला ठेवून तुमचीच समजूत घालू लागते.

मग गटावर दोन-तीन ओळी लिहा. काही अशा: "त्या दिवशी मी जे लिहिलं त्यात एका मुलाचं नाव होतं, ते लिहिणं चुकीचं होतं. मला पडलेले प्रश्न मी आधी ताईंना विचारायला हवे होते, ते आता विचारणार आहे. कुणाला आपल्या मुलाबद्दल काही वाटत असेल तर कृपया तेही थेट बोला." मूळ संदेश अजून काढता येत असेल तर काढून टाका. यावर पुन्हा चर्चा सुरू झाली तर तुम्ही उत्तर देऊ नका. पालकांचे गट उद्या सुट्टी आहे का, टोपी कुणाची राहिली, सहलीला किती वाजता जमायचं, यासाठी फार कामाचे असतात. एखाद्या माणसाच्या कामाची पारख करायला ते अगदी वाईट ठिकाण आहे, कारण ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो एक तर तिथे नसतो किंवा असूनही बोलू शकत नाही. "आम्हालाही असंच वाटत होतं" म्हणणाऱ्या पालकांनाही माझी हीच विनंती आहे. वाटत होतं तर इतके दिवस विचारलं का नाही?

ताईंशी बोलायला दारातली वेळ निवडू नका. मुलं येताना-जाताना त्यांचं अर्धं लक्ष फाटकाकडे असतं, आणि ते तिथेच असायला हवं. "मला पंधरा मिनिटं हवी आहेत, तुम्हाला कधी जमेल?" असं विचारा. बसल्यावर आधी गटावरच्या लिखाणाची माफी मागा. विषयातले प्रश्न त्यानंतर, प्रश्नांच्याच स्वरात. "बादलीवरून भांडण चाललं होतं तेव्हा तुम्ही थांबलात, ते कशासाठी होतं मला समजून घ्यायचंय." "माझी मुलगी एरवी काय खेळते?" "मुलांचे कपडे ओले झाले की तुमच्याकडे काय पद्धत आहे?" पहिल्या भेटीत त्या मोकळ्या होतीलच असं नाही. ज्याच्या कामावर न विचारता सगळ्यांसमोर शेरा मारला गेला, त्याला पुन्हा विश्वास ठेवायला वेळ लागतो. तो द्या. मात्र रोजचं दारातलं बोलणं तुमच्या बाजूने तोडू नका.

त्या दारातल्या दोन मिनिटांना आपण फार कमी लेखतो. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह सुरू केलं. भिंतीवर लावलेल्या नियमांत एक असा होता, की आयांनी आठवड्यातून निदान एकदा संचालिकेशी बोलावं, मुलाच्या घरच्या आयुष्याची माहिती द्यावी आणि तिच्याकडून सल्ला घ्यावा. आधी द्यायचं, मग घ्यायचं, हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. रात्री झोप झाली नाही, आजोबा गावी गेले, घरात नवं बाळ येणार आहे, काल कुत्र्याला घाबरली, ही माहिती ताईंना दुसरं कुणी देऊ शकत नाही, आणि ती असल्याशिवाय मुलीचं त्या दिवशीचं वागणं त्यांना कळूही शकत नाही. सहभाग म्हटलं की आपल्याला कार्यक्रम, सजावट, भाषणं आठवतात. माझ्या मते रोजची ही देवाणघेवाण नसेल तर बाकी सगळं नुसतं शोभेचं आहे.

ज्यांना तुमच्यासारखी रजा मिळत नाही, ज्यांची दिवसाची मजुरी बुडते, अशा पालकांनीही सकाळभर येता येत नाही म्हणून स्वतःला कमी समजू नये. १९६२ साली अमेरिकेतल्या इप्सिलँटी गावी पेरी प्रीस्कूल नावाचा उपक्रम सुरू झाला. त्याचा मुलांच्या आयुष्यावर झालेला परिणाम संशोधकांनी पुढे अनेक दशकं तपासला. तिथल्या शिक्षिका आठवड्यातून एकदा प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन आईबरोबर दीड तास बसत. आपल्याकडे ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या. वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत हे पाहून त्यांनी आणि अनुताई वाघांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. प्रत्येक वेळी पालकानेच केंद्राच्या दारात यायचं, हे कुठेही लिहून ठेवलेलं नाही. घरी बसून फाटलेली पुस्तकं चिकटवणं, बाहुल्यांचे कपडे शिवणं, सुट्टीच्या दिवशी ठोकळे घासून देणं, आपल्या आवाजात एखादी गोष्ट रेकॉर्ड करून पाठवणं, हाही सहभागच आहे, आणि केंद्रांनी तो तितक्याच मानाने घ्यायला हवा.

आता बालवाडीबद्दल. झाल्या प्रकाराची निम्मी जबाबदारी मी तिच्यावर टाकते. पालकाला सकाळभर मुलांमध्ये बसवायचं आणि आधी काहीच सांगायचं नाही, नंतर काहीच विचारायचं नाही, ही पद्धत अपुरी आहे. आत जाण्यापूर्वी दहा मिनिटं: आज मुलं काय करतील, भांडण झालं तर आम्ही कसं वागतो, तुम्ही काय करू शकता, काय करू नये, इथे पाहिलेलं दुसऱ्या मुलांबद्दलचं काहीही बाहेर सांगायचं नाही. निघताना पुन्हा दहा मिनिटं: काय पाहिलंत, काय खटकलं? ही दुसरी दहा मिनिटं तुम्हाला मिळाली असती तर तो संदेश बहुधा लिहिलाच गेला नसता. हे तुम्ही त्यांना जरूर सुचवा, पण माफी मागायच्या भेटीत नको, दोन आठवड्यांनी. बालवाडी चालवणारं कुणी हे वाचत असेल, तर कुणी सुचवायची वाट पाहू नका.

ठेवू की काढू? तुम्ही जे लिहिलंय तेवढ्यावर मी काढा म्हणणार नाही. पण ज्या गोष्टींवर मी कुणालाही वाट न पाहता काढा म्हणेन त्या अशा: मुलांना मारणं, कोंडणं, भीती घालणं, शी-शू झाल्यावर चारचौघांत लाजवणं; पालकांनी विचारलेल्या साध्या प्रश्नावर धमकावणं किंवा त्याचा राग मुलावर काढणं; एखाद्या ठरावीक माणसाचं नाव काढताच मूल घाबरणं; ओलं-घाणेरडं राहणं हा एखाद्या दिवसाचा अपवाद नसून रोजचा प्रकार असणं. सुरुवातीचे काही आठवडे सोडताना रडणं यात मी धरत नाही. सोडल्यावर किती वेळाने शांत होते, हे विचारा. चार महिन्यांनंतरही दिवसभर रडत असेल तर गंभीरपणे घ्या. तुमची मुलगी रडत नाही, सकाळी जायला तयार असते, असं तुम्हीच पत्रात एका ओळीत लिहिलं आहे. ती ओळ मला सगळ्यात बोलकी वाटली.

तुमचे पती सुचवतात ती जागा मी पाहिलेली नाही, त्यामुळे ती वाईट असं म्हणणार नाही. फक्त कॅमेरा आणि बंद दार यांची तुलना नीट करा. सुरक्षिततेसाठी कॅमेऱ्याचा उपयोग आहे. अपघात झाला, कुणी हात उगारला, तर तो साक्षीदार असतो. पण पडद्यावर तुम्हाला हेच दिसलं असतं: मुलगी टबाशी एकटी, दोन मुलं भांडताहेत, ताई बसल्या आहेत. ताईंचा आवाज नाही, शेवटी काय ठरलं ते नाही, आणि उठून काही विचारायची सोयही नाही. ज्या केंद्राने तुम्हाला सकाळभर आत बसू दिलं, त्याने आपलं रोजचं काम, त्यातल्या उणिवांसकट, तुमच्यापुढे उघडं ठेवलं. ओल्या चड्डीची गोष्ट तुम्हाला कळली तीही त्यामुळेच. दुसऱ्या ठिकाणी असं होत नाही की होतं आणि दिसत नाही, हे पालकांना दाराबाहेर ठेवल्यावर कसं कळणार? तरीही जागा बदलायचं ठरलंच, तर त्या ठिकाणी आधी एक विचारा: "प्रवेशापूर्वी मी एक तास मुलांमध्ये बसू शकते का?" उत्तर काय येतं त्यावर बरंच काही ठरवता येईल.

माझं मत असं, की अजून दोन महिने मुलीला तिथेच ठेवा. एक वही करा. पानाच्या डाव्या बाजूला फक्त दिसलेलं, ऐकलेलं लिहा: "आज घरी आल्यावर एक नवं गाणं म्हटलं", "पायजमा बदललेला होता, पिशवीत ओला होता". उजव्या बाजूला तुम्हाला त्यावरून काय वाटलं ते. उजव्या बाजूच्या प्रत्येक ओळीवर ताईंना किंवा मुलीला विचारल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, एवढाच नियम. दोन महिन्यांनी डावी बाजू वाचून काढा आणि मग दोघं मिळून ठरवा.

आणि पुढची पाळी येईल तेव्हा या वेळी तुमच्या पतींनी जावं. मुलीला तिथून काढायचं म्हणताहेत, पण त्यांनी ती खोली अजून आतून पाहिलेली नाही. ताईंना आधीच विचारून त्यांच्यासाठी एखादं काम ठरवून घ्या: मोडलेल्या गाडीचं चाक बसवणं, वाफ्याला पाणी घालणं, कोपऱ्यात बसून पुस्तक वाचून दाखवणं. हाताला काम असलं की मुलं आपणहून जवळ येतात, आणि नुसतं टक लावून बघत बसल्याचा अवघडेपणाही राहत नाही. बाबा कामाला आलेत म्हटल्यावर पहिली अर्धी सकाळ मुलं त्यांच्याच भोवती घोळका करतील, तेव्हा त्यांनी त्या अर्ध्या सकाळीवरून काही ठरवू नये, हे मात्र त्यांना आधीच सांगून ठेवा.